डावी किडनी आणि साताऱ्याचं तिकीट

मी मरणार नव्हतो, तरी मरायला म्हणून दिल्लीतल्या द्वारकेचा नवाकोरा फ्लॅट विकून साताऱ्याला निघालो.

निजामुद्दीन स्टेशनवर आर. के. पुरमची अख्खी मराठी मंडळी पोचवायला आली होती. हातात थालीपिठांचे डबे, चेहरे तेराव्याचे. "फोन करते रहना, यार," असं जोशी मला चक्क हिंदीत म्हणाला, तेव्हाच मी स्वतःला वारलेला समजलो. पहाडगंजच्या मराठी शाळेतली पक्की नोकरी सोडून माझी बायको सुनंदा शेजारी बसली होती.

तेव्हा दिल्लीभोवती काचेच्या इमारती उगवत होत्या. निघण्याच्या थोडं आधी तसल्याच एका एसी सेंटरात माझ्या डाव्या किडनीची सोनोग्राफी झाली होती. स्क्रीनवरची नजर न काढता डॉक्टर म्हणाला, "कैंसर है. किडनी निकालनी पड़ेगी." सुनंदा म्हणाली, "अहो, आणखी कुणाला तरी दाखवू या." मी तिलाच झापलं, "फॉरेनचं मशीन आहे, ते चुकेल होय?" सरकारी लिफ्टवर जन्मात भरवसा न ठेवणारा मी! वर ठरवलं, कापून घ्यायचं तर आपल्या माणसांत. आई म्हणायचीच, "शेवटी माणसानं आपल्या घरी असावं." सुनंदाला विचारलंसुद्धा नाही.

साताऱ्याच्या म्हाताऱ्या सर्जननी आधी पुण्याहून सीटी स्कॅन करून आणायला लावला. फिल्म उजेडात धरून म्हणाले, "गाठ कसली? किडनीचंच चांगलं मांस आहे, जन्मापासून आत फुगलेलं. सोनोग्राफीत फसवतं कधी कधी. जा घरी."

घरी म्हणजे कुठे? मरणाऱ्यासाठी भावानं खोली रिकामी केली होती. जगणारा तीत मावेना. "मग, पुढं काय ठरवलंस?" तो रोज जेवताना विचारायचा.

दिल्लीला परतलो. त्या सेंटरात जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडलो, तर काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, "काँग्रॅच्युलेशन्स, सर!" अजूनही आठवलं की मुठी वळतात. फ्लॅट विकला त्याच सोसायटीत आम्ही आता भाड्यानं राहतो. आमच्या जुन्या बाल्कनीत दुसऱ्यांचे कपडे वाळतात. सुनंदाला शाळेनं परत घेतलं, पण हंगामी. पक्क्या जागेवर कालची पोरगी बसलीय.

सातारकरांनो, दिल्लीकरांनो, घर म्हणजे काय ते मला आता कळलंय: सुनंदा सकाळी जिथून शाळेला निघते, ते. हे मी तिला मोठ्या प्रेमानं सांगितलं आणि म्हणालो, "आता आपण इथून हलायचं नाही."

चपला घालता घालता ती म्हणाली, "आपण? पुढच्या वेळी मरायला एकटेच जा. मला शाळा आहे."