शिवणीतली माया

शिंप्याच्या भाषेत शिवणीच्या आत दडवलेल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. माणूस अंगाने सुटला, की ती उसवून कपडा वाढवायचा. मास्तर स्वतः शिंपी, अंगाने एवढे सुटलेले की गल्ली त्यांना ढोल मास्तर म्हणे; पण त्यांचे सदरे त्यांची बायकोच शिवायची आणि माया दुप्पट सोडायची. मास्तरांनी कुरकुर केली, की म्हणायची, "असू द्या. लागली तर हाताशी असावी."

ती गेली आणि मास्तर ताटाशीच बोलू लागले. दुकान बंद झालं, की जेवण. जेवण सरलं, की पुन्हा भूक नसलेली भूक. साखर चढली, गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास अडकू लागला. मग नाकाला लावायचं यंत्र आलं. त्याच्या सुस्काऱ्यांमुळे खोलीत आणखी कुणी निजल्यासारखं वाटे.

धाकट्या बहिणीने हट्टाने ऑपरेशन करवलं. जठराचा मोठा भाग काढला, उरली एक निमुळती नळी. वर्षभरात मास्तर निम्मे झाले. इन्सुलिन सुटलं, रक्तदाबाची एकच गोळी राहिली. साखर गेली म्हणू नका, दबलीय म्हणा, असं डॉक्टरांनी बजावलं. यंत्र परत गेलं. आता खोलीत एकाच माणसाचा श्वास होता, तोही ऐकू न येणारा. गल्ली म्हणाली, ढोलाची टिपरी झाली. मास्तर हसले. चार घासांत पोट भरे. संध्याकाळ मात्र पूर्वीएवढीच लांब होती.

बायकोच्या हातचा शेवटचा निळा सदरा खांद्यावरून ओघळू लागला. टाकून दे, तयार घे, बहीण म्हणाली. मास्तरांनी तो उसवायला घेतला. टाके बारीक, घट्ट. आतलं कापड उन्हाचं तोंड न पाहिलेलं, अजून गडद निळं. सदरा आत घ्यायचा तर एवढं कापड कापायलाच हवं. गिऱ्हाइकाचा असता तर त्यांनी बोलता बोलता कापला असता. कात्री हातात धरून ते बराच वेळ बसले. मग ती खाली ठेवली आणि सगळं कापड आत दुमडून शिवलं.

बहिणीने काखेखाली चाचपून पाहिलं. "दादा, हे काय गाठोडं? काप की ती माया."

"कापली की परत सोडता येत नाही."

"आता कुठे वाढणारेस तू?"

मास्तरांनी बटणं लावली. तोच सदरा घालून ते दुकानाकडे निघाले. दोन्ही कुशींना कापडाचे जाड वळ आल्याने हात अंगाला टेकत नव्हते. रिकाम्या गल्लीतून ते तसेच चालत गेले, बाजूला कुणासाठी तरी जागा ठेवल्यासारखे.