धुपीच्या उतरणीचा राखणदार

माझा धाकटा भाऊ थुंडू जन्माचा हट्टी. लहानपणी आमानं, आमच्या आईनं, पाणी आणायला धाडलं, तर झऱ्यात याक उतरलेत म्हणून रिकामी घागर घेऊन परत आला. त्या दिवशी आम्ही चहावाचून बसलो. असल्या माणसाला गावानं राखणदार नेमलं आणि मग कपाळ बडवत बसलं.

आमच्या गावाच्या वर झाडं संपतात. तिथून पुढं गुडघ्याएवढी धुपीची आणि सुनपातीची झुडपं, जमिनीला पोट लावून पसरलेली. माझ्या दारासमोरच्या धुपीचं खोड माझ्या लग्नात अंगठ्याएवढं होतं, आज सुना आल्या तरी अंगठ्याएवढंच आहे. ती उपटली की पुढच्या पावसात माती थेट बटाट्यांवर येते. म्हणून बटाटे निघेपर्यंत उतरण बंद. ओली फांदी तोडायची नाही आणि वर प्रेतही जाळायचं नाही, गारा पडतात. बटाटे निघाले की राखणदार दिवस सांगतो, मग घरटी एक टोपली लाकूड मिळतं. नियम मोडला तर घरी गाळलेल्या छांगचा, जवाच्या दारूचा, हंडा दंड, तो सगळ्या गावानं प्यायचा.

थुंडूला चुलीच्या धुरावरून ओली धुपी कळे. त्याच्या बायकोचा भाऊ छेवांग परदेशी पाहुण्यांसाठी लॉज चालवतो, त्याला दर हंगामात जास्त लाकूड लागतं. सगळ्यात जास्त दंड त्यानंच भरलेत.

"दाजी, दंड घेताय तर दोन घोट तरी घ्या," तो एकदा म्हणाला.

"तूच पी," थुंडू म्हणाला. "घरची आहे, चांगली असेल."

त्या वर्षी पाऊस संपत आला तेव्हा आमा उतरणीवरच्या याकांच्या गोठ्यात आजारी पडली. मी आणि थुंडू तिच्यापाशी राहायला गेलो. आमानं ओळखलं होतं, आपलं काही खरं नाही.

"मला खाली नेऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या बापाला इथंच अग्नी दिला. मलाही इथंच द्या."

बा भर थंडीत गेला होता, तेव्हा उतरण उघडी होती. थुंडू चुलीत शेणी सारत बसला. तिच्याकडे न बघताच म्हणाला, "आमा, बटाटे निघेपर्यंत थांब."

हातातला डाव त्याच्या डोक्यात घालावासा वाटला मला.

"मरण काय माझ्या हातात आहे?" आमा म्हणाली. "उतरण तुझ्या हातात आहे. एक दिवस उघड."

तो घागर उचलून पाण्याला गेला.

बातमी गावात गेली. सगळे म्हणाले, उघड बाबा, आईपुढं कसला नियम? छेवांग तर सगळ्यांच्या आधी वर आला. "दाजी, उद्याच उघडा. तुमची आमा ती आमचीही आईच की." बाहेर त्याच्या दोन याकांवर रिकाम्या टोपल्या लादलेल्या होत्या.

थुंडूनं दारातून वाकून पाहिलं. "आमासाठी एवढ्या टोपल्या?"

"त्या आपल्या... असू द्याव्यात म्हणून."

"बटाटे निघाले की सांगेन."

तो गेल्यावर मी थुंडूवर तुटून पडले. "त्याचा राग आमावर काढतोस होय रे? पोटचा आहेस की वैरी?"

"ताई, आज आमासाठी उघडली तर उद्या बंद कशी करू? आई काय मलाच आहे?"

मी आणखी मोठ्यानं ओरडले.

आमा त्यानंतर त्याच्याशी बोलली नाही. चहा माझ्याच हातून घ्यायची. तो आत आला की भिंतीकडे तोंड करायची. तो तरीही यायचा, पाय चेपायचा आणि निघून जायचा.

ती गेली तेव्हा बटाटे जमिनीतच होते. थुंडूनं तिला पाठीशी बांधलं आणि पावसातून खालच्या गावी नेलं. वाटेत कुणाला खांदापालट करू दिली नाही. खाली देवदार भरपूर, चिता चांगली पेटली.

"ती रागातच गेली, ताई," तो म्हणाला.

"हो," मी म्हणाले. नाही म्हणता आलं असतं. म्हणाले नाही.

बटाटे निघाले, त्यानं उतरण उघडली. छेवांग एकच टोपली घेऊन आला आणि भरून गुमान खाली गेला. पुढच्या वर्षी थुंडू म्हणाला, आता दुसरा बघा. कुणी मान वर केली नाही, राखण पुन्हा त्याच्याच गळ्यात पडली.

आता त्याच्याकडे कुणी सवलत मागत नाही. लग्न असो, बाळंतीण असो, दारात बर्फ साचलेलं असो. मागणार कोणत्या तोंडानं? दंडाचा हंडाही कित्येक दिवसांत फिरलेला नाही. गाव म्हणतं, असा राखणदार झाला नाही.

तो मात्र उतरणीवरून येताना दर दारापाशी उभा राहतो. हवापाण्याचं विचारतो, उगाच रेंगाळतो. एकदा मी म्हणालेच, "कुणाची वाट बघतोस रे?"

"कुणीतरी मागावं गं काहीतरी," तो म्हणाला. "या खेपेला मी हो म्हणेन."

"म्हणशील?"

त्यानं खूप विचार केला. "नाही," म्हणाला, आणि घरी गेला.