बाळाचे फोटो उघडायच्या आधी

सगळ्यांत आधी आल्या त्या समोरच्या कदमबाई, निवडायची मेथी हातात तशीच घेऊन. मग वरच्या मजल्यावरच्या शेखबाई. सर आले ते तिसरे, आणि बोलावलं होतं फक्त सरांना! हडपसरला आमच्या सोसायटीत हे असंच. इनामदार सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होताहेत, त्यांच्याबद्दल लिहा असं सोसायटीवाले म्हणाले. माझी शाळा चौथीपर्यंतच, सांभाळून घ्यावं.

सरांची ओळख त्या दिवशीचीच. माझी नात मृणाल नागपूरला बाळंत झाली, दिवस भरायच्या आधी. पणती काचेच्या पेटीत, आणि मी इथे गुडघे धरून. जीव थाऱ्यावर नव्हता. फोटो ईमेलने पाठवते म्हणाली होती. त्याच सकाळी कुठूनसा एक मेल आला, की 'बाळाचे फोटो' नावाचा मेल उघडू नका, त्यात व्हायरस आहे, सगळं जळून जाईल, ताबडतोब सर्वांना कळवा. मी तो भजनी मंडळाच्या अठरा जणींना पाठवला आणि दुपारी आलेला 'बाळाचे फोटो' न बघताच काढून टाकला. संध्याकाळी मृणाल विचारते, आजी, पाहिलीस का गं तिला? तेव्हा डोक्यात उजेड पडला. सोसायटीतल्या इनामदार सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं एवढं ऐकून होते, त्यांना निरोप धाडला.

सरांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. काढलेला मेल त्यांनी लगेच शोधला, पण उघडेनात. मी नुसती घाई करतेय.

"ताई, आधी नातीला विचारा, कुठल्या पत्त्यावरून पाठवला, फोटो किती. इशारा खोटा वाटतोय, पण खरे व्हायरसही असतात."

मृणालचा फोन लागेना. कदमबाई म्हणाल्या, सर, तोवर पोर चालायला लागेल. सर हसले नाहीत. शेवटी लागला. पत्ता तिचाच, फोटो सात. जुळलं, मगच उघडलं. पणतीच्या मुठीत नर्सबाईंचं बोट होतं, घट्ट धरलेलं. 

मग सरांनी तो इशारा मोठ्याने वाचून दाखवला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, खात्री कुठे करायची तेही नाही, नुसती घाई आणि सगळ्यांना पाठवा. खरा इशारा असला तर व्हायरस शोधणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर जाऊन बघता येतो म्हणाले. मी म्हटलं, बरं, अठरा जणींना मेल करते.

"मेल नको, फोन करा. त्यांनीही कुणाचे तरी फोटो काढून टाकले असतील."

अठरावा फोन होईपर्यंत सर शेजारी बसून होते. नोकरीत असताना आपणही असंच ऑफिसभर पसरवलं होतं आणि मग टेबलाटेबलाशी जाऊन चूक सांगितली होती, हे त्यांनी आपणहून सांगितलं. लोणी काळभोरच्या यमुनाबाईंनी खरंच नातवाच्या बारशाचे फोटो घालवले होते. सर दुसऱ्या दिवशी बसने जाऊन ते परत मिळवून देऊन आले. त्यानंतर दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घेतात, कुणाची चेष्टा न करता. कदमबाई करतात तेवढी पुरे.

सरांचे गुडघे माझ्यासारखे न होवोत, डोळे असेच राहोत, आणि माझ्या पणतीलाही हे सगळं त्यांनीच शिकवावं, एवढं आयुष्य त्यांना लाभो. ती आता चांगली गुटगुटीत झालीय, मृणाल तिला या रविवारी पहिल्यांदाच इथे घेऊन येतेय. सर आणि वहिनी काल येऊन गेले, तिला बघायला तेव्हा परत येतो म्हणाले. आज कुठे गुरुवार.