कालव्याकाठची सायकल
सायकलच्या चेनला तेल घालताना तो वास आला, की मला ॲमस्टरडॅमची सकाळ आठवते. देऊळगाव राजाहून आई-बाबा माझ्याकडे पहिल्यांदाच आले होते आणि आम्ही संग्रहालय बघायला निघालो होतो. कालव्याकाठी भाड्याच्या सायकली दिसल्या आणि आई थांबली. "मले एक घेऊन दे." बाबा दचकले, "अवं, तुले येते काय? पडशीन पाण्यात!" "माहेरी शाळेत सायकलनंच जात होती मी," म्हणत तिने पदर खोचला, दोनदा डगमगली आणि सुटलीच. ट्रामच्या घंटा वाजत होत्या, बाबा तिच्यामागे पळत होते, मी बाबांच्या मागे. पुलाच्या चढावर ती उतरेल असं वाटलं, पण उभ्याने पायडल मारत ती माथ्यावर पोचली आणि ओरडली, "या ना लवकर, इथून सारं गाव दिसते!" बाबा धापा टाकत म्हणाले, "चाळीस वर्षांत सांगतलं नाही मले!" संग्रहालय राहूनच गेलं, पण घरात आजही कोणाला त्याची हळहळ नाही.