मामाची चाल

तरुणपणी आपण संगीतकार होतो, हे माझा मामा दर शनिवारी सांगतो. रविवारी पुन्हा सांगतो. इतर दिवशी त्याला सवड नसते, कारण तो किटल्यांच्या कारखान्यात शिट्ट्या तपासतो. काचेच्या खोलीत बसायचं, एकेक शिट्टी हवेच्या नळीला लावायची आणि कान द्यायचा. कारखान्याचा सूर ठरलेला आहे. शिट्टी त्या सुरात वाजली तर पास. केसभर वर-खाली झाली की मामा "नापास" म्हणतो आणि ती शेजारच्या पिंपात फेकतो. या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही, हे मात्र खरं.

शनिवारी सकाळी गॅलरीत खुर्ची येते, पाय स्टुलावर जातात आणि मामा जाहीर करतो, "आता निवांत." या निवांतपणाची घराला धास्ती आहे. मिक्सर बंद, टीव्ही बंद, मामीनं भांडीसुद्धा जपून ठेवायची. मग कापडी पिशवीतून बासरी निघते. ती पुसायची, तिला तेल लावायचं, उजेडात धरून एक डोळा मिटून आतून बघायची. हे चालू असताना कॉलेजच्या दिवसांत गच्चीवर बसून रचलेल्या त्या एकमेव चालीची गोष्ट. "सुचली नाही गं, आभाळातून उतरली!" असं तो मला लहानपणापासून सांगतोय. तोवर जेवायची वेळ होते आणि बासरी पुन्हा पिशवीत जाते. कलेला दोन दिवसांची सुट्टी पुरत नाही म्हणे.

हे असंच जन्मभर चाललं असतं. पण यंदा मामीला ऐकू कमी यायला लागलं. आणखी कमी होत जाईल, मशीन लावावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. मामीनं रडारड केली नाही. घरी येऊन चपला काढता काढता एवढंच म्हणाली, "अहो, मशीन लावायच्या आधी माझ्या स्वतःच्या कानांनी ती चाल एकदा ऐकायचीय."

मामाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आता सांगून भागणार नव्हतं, वाजवावं लागणार होतं.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम गेले, गंमत बघायला. मामानं बासरी ओठांना लावली आणि पहिला सूर खरंच सुरेख निघाला. मलाही नवल वाटलं. दुसरा सूर निघाला मात्र, मामानं बासरी खाली घेतली. "नापास," तो स्वतःशीच पुटपुटला. पुन्हा पहिला सूर, पुन्हा दुसरा, पुन्हा नापास. इतकी वर्षं किटलीचा एकच सूर ऐकून त्याच्या कानांनी बाकीच्या सुरांना दारच बंद केलं होतं. आणि एका सुरात चाल कशी बसवणार? मामानं आधी हवेला दोष दिला, मग बासरीला. शेवटी मी मोठ्यानं श्वास घेते म्हणून मला घरात पाठवलं.

असे कितीतरी शनिवार-रविवार गेले. मामी आपली दर वेळी समोर येऊन बसायची, बरा कान त्याच्याकडे करून. पुढं पुढं मला त्यात गंमत वाटेना. बायको वाट बघतेय आणि हा पठ्ठ्या बासरीला तेल लावतोय! मला त्याचा मनापासून राग यायला लागला.

एका रविवारी मामीच म्हणाली, "राहू द्या. मी गुणगुणते, तुम्ही मागून या."

तिचा आवाज जरा बसका आहे, पण चाल गोड होती. मामा डोळे मिटून ऐकत होता. दोनच ओळी झाल्या असतील.

"नापास," तो म्हणाला. सवयीनंच. हातसुद्धा बाजूला गेला, पिंप तिथंच असल्यासारखा.

मामीला तेवढं मात्र लख्ख ऐकू आलं. "काय म्हणालात?"

"अगं, तिथं सूर वर जातो. माझी चाल मला माहीत नाही?"

"तुमची?" मामी उठून उभी राहिली. "आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना मी गुणगुणायची ती. तुम्ही समोरच्या गच्चीवर बासरी घेऊन बसायचात. थोड्या दिवसांनी तीच चाल तुमच्या बासरीतून आली. म्हणून तर तुमच्या स्थळाला हो म्हटलं मी. आणि आज मलाच नापास करताय?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेनं सांगायचात. म्हटलं, सांगू देत."

मी तोंडावर हात दाबून बसले. मामाची अख्खी संगीताची कारकीर्द माझ्या डोळ्यांदेखत निकालात निघाली होती. आता तो भडकणार, नाहीतर रुसून झोपून जाणार, अशी माझी खात्री होती.

पण त्यानं बासरी मांडीवर ठेवली. खाली कुणीतरी खिळे ठोकत होतं, शेजारी बादली आपटली, पण त्यानं कुणालाच गप्प बसवलं नाही. त्याचे खांदे सैल पडत गेले. असा निवांत बसलेला मामा मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग त्यानं खुर्ची ओढून मामीच्या बऱ्या कानाजवळ आणली.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला. "पण सावकाश. मला ती कधी पूर्ण आलीच नव्हती."