जमिनीवर मांडलेली वेबसाइट

चौथीनंतर माझी शाळा सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात, आणि अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे तेही सोसावं. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चिठ्ठीभाईंवर लिहायला बसले तर आधी माफी मागावीशी वाटली.

दिग्रसला बसस्टँडच्या मागे त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. पण वेबसाइटचं काम आणलं की ते कॉम्प्युटर बंद करायचे आणि कागद फाडायला बसायचे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. म्हणून आम्ही बाया त्यांना चिठ्ठीभाई म्हणायचो.

त्या वर्षांत कापसाच्या भावातून वेचणीची मजुरीही निघत नव्हती. आमच्या बंजारा तांड्यावरच्या अकरा बायांचा गट आरसे-कवड्या लावून, कशिदा काढून पिशव्या शिवायचा. व्यापारी त्या पडत्या भावात उचलायचे. वेबसाइटवरून शहरातली माणसं थेट घेतील, असं आमच्या अध्यक्ष सोनाबाई कुठूनसं ऐकून आल्या. पिशव्यांवर घर चालतं की नाही, हे त्यावर ठरणार होतं. गटातून तीन हजार काढून भाईंना आगाऊ दिले.

भाई जीपने तांड्यावर यायचे आणि देवळासमोरच्या फरशीवर बसायचे. "वेबसाइटमध्ये काय काय पाहिजे, तुम्हीच सांगा," म्हणायचे. बाया सांगत, मी लिहायची, कारण चौथीपर्यंत शिकलेली मी एकटीच. माझ्या अक्षराला ते कधी हसले नाहीत. पहिल्या चिठ्ठीवर तांड्याच्या नायकाचा फोटो आला, दुसरीवर सोनाबाईंचा, मग सरपंचाचा, मग उद्घाटनाच्या नारळाचा. मान ज्याचा त्याला द्यावाच लागतो. आम्ही चिठ्ठ्या ओळीने मांडल्या.

भाईंनी चपला काढल्या आणि पहिल्या चिठ्ठीशी उभे राहिले. "समजा, मी पुण्याचा माणूस, साइट उघडली. मले पिशवी पाहिजे." एकेक चिठ्ठी ओलांडत ते चालले. सातवीवर थांबले. "बाई, पिशवी कुठी आहे?"

"आहे ना, पुढं आहे," सोनाबाई म्हणाल्या.

"मी थकलो. चाललो घरी." आणि खरंच चपला घालून निघाले.

बाया पदरात तोंड घालून हसल्या. नायकाला शेवटच्या चिठ्ठीवर नेलं. त्यालाही हसू आलं, म्हणून निभावलं.

पुढच्या वेळी गिऱ्हाईक होऊन त्यांनी एक लाल पिशवी उचलली. "अशाच चार द्या."

"तशी दुसरी होत नाही भाई. प्रत्येकीचा हात येगळा," बाया म्हणाल्या.

"मंग हे पहिल्या चिठ्ठीवर लिवा. दुकानात हे भेटत नाही."

मग माझ्याकडे वळले. "तुम्ही काहून काही बोलत नाही? तुम्ही घेतली असती तर काय इचारलं असतं?"

"धुतल्यावर रंग जातो काय," एवढं कसंबसं निघालं. त्यांनी कोरी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. माझं बोलणं असं कुणी लिहून ठेवायला सांगावं, हे पहिल्यांदाच घडलं.

तीन आठवडे असेच गेले. "तुमच्या कागदांवर पापड वाळतील भाई, पिशव्या नाही इकत," सोनाबाई टोचून बोलायच्या. ते म्हणायचे, "घर बांधाच्या पहिले चूल कुठी, हे इचारा लागते बाई."

तेवढ्यात पावसाने ताण दिला. उगवलेलं करपलं. दुबार पेरणीला बियाणं हवं, म्हणून सोनाबाई मला घेऊन दुकानात गेल्या आणि आगाऊ पैसे परत मागितले. भाईंनी गल्ल्यातून काढले, कमी पडले ते शेजारच्या टायरवाल्याकडून आणले. पूर्ण तीन हजार. "साइट थांबते, बियाणं नाही थांबत," म्हणाले. एवढ्या वेळा आलात, जीपभाडं तरी कापा, असं म्हणायचं माझ्या मनातच राहिलं. निघताना त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत बांधून माझ्या हाती दिल्या. "कोणाकडूनही करून घ्या, पण पहिले हे दाखवा."

दुसऱ्याकडे कशाला जायचं? वेचणी संपल्यावर चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन त्यांच्याकडेच गेलो. वेबसाइट आठ दिवसांत झाली. "डोकं लावून झालं होतं, आता नुसते हात लावले," म्हणाले. नऊ हजार ठरले, पण "इक्री होईल तसे द्या" म्हणून आगाऊ काही घेतलं नाही.

पहिली मागणी दोन पिशव्यांची आली. मग दर महिन्याला थोड्याथोड्या येत गेल्या. लोक फोनवर रंगाचंच विचारायचे, आणि उत्तर द्यायला फोन माझ्याकडे दिला जायचा.

दीड वर्षाने भाई दुकान आवरून मुलीकडे नागपूरला निघाले. नऊ हजारांतले शेवटचे बाराशे घेऊन मी एकटीच गेले. ते खोक्यांना दोरी बांधत होते. पैसे न पाहताच खिशात टाकू लागले.

"मोजा भाई, तुम्ही पूर्ण दिले होते," मी म्हटलं.

त्यांनी दोरी सोडली, खोक्यावर बसले, नोटा मोजल्या. पूर्ण होते.