आत्याबाईंचा कडू घास

आमच्या आत्याबाईंनी जिवंत माणसाचं कधी कौतुक केलं नाही. मेलेल्याचं करायच्या, तेही हात राखून. "बरा व्हता," एवढंच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नेवाशाकडे प्रवरेच्या काठाला आमचं गाव, आणि मी शहराला लागलेल्या केडगावची. लग्न होऊन आले त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "ए केडगावची!" पुणे रोडला वाढलेल्या पोरीला भाकरी थापता येणार नाही, हे त्यांनी मी उंबरा ओलांडायच्या आत ठरवून टाकलं होतं.

पहिला घास तोंडात गेला की ठरलेलं वाक्य यायचं, "मीठ काय सरकारनं बंद केलंय व्हय?" मीठ अगदी बेताचं असलं तरी. एकदा मी वैतागून पिठल्यात दुप्पट मीठ घातलं. शांतपणे खाल्लं आणि म्हणाल्या, "आज फुकट वाटलं जनू." खरं सांगते, कित्येक वर्षं मला ती बाई मुळीच आवडली नाही.

त्यांना तोडीस तोड एकच, पलीकडच्या मुसलमान आळीतली शमीमचाची. दुपारी दोघी आमच्या ओट्यावर बसायच्या, एकाच डबीतली मिशरी लावायच्या आणि एकमेकींच्या स्वयंपाकाचे वाभाडे काढायच्या. "शमे, तुझी भाकरी फेकून मारली तर कुत्रं मरंल." "आन तुमची कुत्रं हुंगत बी न्हाई, आक्का." पण मयताच्या घरी चूल पेटत नाही, ही रीत दोन्ही आळ्यांत सारखीच. अशा वेळी शेजाऱ्यांनी भाकरी-पिठलं न्यायचं, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. आमच्या आळीत कुणी गेलं की चाचीची टोपली यायची, तिकडे कुणी गेलं की आत्याबाईंची जायची. माझे थोरले दीर अचानक गेले तेव्हा आमच्या पोराबाळांच्या पोटात पहिला घास चाचीच्या घरचा पडला होता.

मग मोबाईल आले आणि गावाला अक्कल फुटली. दोन टोणग्यांनी एकमेकांच्या देवाधर्मावर स्टेटस ठेवलं. एक तिकडचा इरफान आणि दुसरा, सांगायची लाज वाटते, आमच्या त्याच गेलेल्या दिरांचा महेश. दोघांनाही अंघोळीचं पाणी अजून आई काढून देते, आणि हे धर्म वाचवायला निघाले! दगड पडले, बाजार बंद झाला. मग शांतता समिती बसली. कडक इस्त्रीचे पुढारी आले, एकोप्यावर बोलले, चहा प्याले, फोटो काढून गाडीत बसले. दोन्ही आळ्यांची दारं होती तशीच बंद राहिली. आत्याबाई म्हणाल्या, "बिस्कुटं खाऊन गाव एक व्हत आसंल तर बेकरीवाल्यालाच सरपंच करा."

त्याच आठवड्यात चाचीचे मालक गेले. आमच्या आळीतून मातीला एक माणूस गेला नाही. एरवी छाती काढून हिंडणारे सगळे नेमके त्या दिवशी शेतात पाणी धरायला गेले होते. आत्याबाईंनी चूल पेटवली, टोपली माझ्या डोक्यावर दिली आणि पुढे चालू लागल्या.

कोपऱ्यावर महेश आणि त्याची टोळी उभी. "आजी, तिकडं जायचं न्हाई. आमचं ठरलंय."

"कुनाचं ठरलंय? तुझं? तुला लेंग्याची नाडी बांधाया येत न्हाई आजून!"

टोळीतलीच पोरं फिसकन हसली. मग आत्याबाईंचा आवाज खाली आला. "तुझा बाप गेला तवा कुनाच्या भाकरी खाल्ल्यास रे? दोन खाल्ल्यास. वर तिसरी मागितलीस."

महेशची मान खाली गेली. "धर टोपली," त्या म्हणाल्या. त्याने धरली. पुढच्या कोपऱ्यावर इरफान आणि त्याची तशीच टोळी होती. पुढे म्हातारी, मागे टोपली घेतलेला महेश, हे बघून ती पोरं बाजूला झाली.

चाची घासाला शिवत नव्हती. आत्याबाई ना तिच्या गळ्यात पडल्या, ना रडल्या. घास मोडून तिच्या तोंडाशी धरून बसल्या, हात दुखेपर्यंत. शेवटी चाचीने तोंड उघडलं. खाता खाता तिचा बांध फुटला आणि तशातच ती म्हणाली, "मीठ काय सरकारनं बंद केलंय व्हय, आक्का?"

आत्याबाईंच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं ते तेव्हाच. पुढच्या बाजाराला त्या दोघी मिळून गेल्या. त्यांच्यामागे बाया गेल्या, बायांमागे गिऱ्हाईक बघून दुकानं उघडली. समितीने येऊन पुन्हा फोटो काढला.

यंदाच्या थंडीत आत्याबाई गेल्या. घर माणसांनी भरलं होतं, पण माझं लक्ष आळीच्या तोंडाकडे. निवडणुकीने गाव पुन्हा नासवलं होतं, तीच तोंडं, तीच भाषणं. चाचीचे पाय गेलेले. आता कोण येतंय! आणि कुणी नाही आलं तर त्या बाईने जन्मभर केलं ते सगळं तिच्याबरोबरच जळालं, असं मनात येऊन जीव नुसता तुटत होता.

आणि आले. महेश स्वतः आणायला गेला होता. प्लॅस्टिकच्या खुर्चीत चाची, एका बाजूने महेश, दुसऱ्या बाजूने इरफान, दोघंही घामाघूम. मागे चाचीची नवी नातसून, डोक्यावर टोपली.

नातसुनेने मला वाढलं. मी घास घेतला. मीठ अगदी बरोबर होतं. पोरगी धास्तावून माझ्या तोंडाकडे बघत होती. चाचीही बघत होती, पण ती कशाची तरी वाट बघत होती. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं.

"मीठ काय सरकारनं बंद केलंय व्हय?" मी म्हणाले.

पोरगी कावरीबावरी झाली. चाचीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "खा गं, केडगावची."